पानपिंपळी: वेलीपासून खलबत्त्यापर्यंत

वऱ्हाडातल्या हिवरखेडच्या उत्तरेला सातपुडा आहे. त्याच्या पायथ्याशी तेल्हारा, अकोट, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात बारी समाजाने पानमळ्यांबरोबर पानपिंपळीही पिढ्यानपिढ्या जपली. ही वेल मूळची दमट, सदाहरित जंगलातली. म्हणून वऱ्हाडच्या उन्हात तिला सावली आणि ओल दोन्ही पुरवावी लागतात. खोकला, कफ आणि मंदावलेली भूक यांवर आयुर्वेदात तिचा वापर होतो. घरी ती कशी वापरावी, हे क्रमाने पाहू.

ओळख: पिंपळाच्या झाडाशी हिचे नाते नाही. ही मिरी आणि विड्याच्या पानाच्या कुळातली. औषधात हिचे लहान, लांबट कणीस वापरतात. मुळांना पिंपळमूळ म्हणतात.

तोडणी: कणीस पूर्ण भरलेले, पण हिरवे असतानाच तोडतात. पिकून मऊ पडले की तिखटपणा उतरतो.

वाळवण: चार-पाच दिवस कडक ऊन द्यावे लागते. कणीस काळपट होऊन सहज मोडले, म्हणजे वाळले. घाईने ओलसर माल डब्यात भरला की बुरशी धरते. असा माल फेकूनच द्यावा.

खरेदी: आपण विकत घेणार असाल, तर चूर्ण न घेता अख्खी पिंपळी घ्या. चूर्णातली भेसळ डोळ्यांना दिसत नाही. तुकडा चावल्यावर तिखट लागून जीभ चुणचुणली पाहिजे.

कुटणे: लागेल तेवढीच खलबत्त्यात कुटा, वस्त्रगाळ करा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

घेणे: साध्या खोकल्यात मोठ्या माणसाने जेवणानंतर चिमूटभर चूर्ण मधातून दोन-तीन दिवस घ्यावे. त्याहून मोठी मात्रा वैद्यांनीच ठरवावी. सुंठ, मिरी आणि पिंपळी समभाग घेतली की त्रिकटू होते. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नका.

आता तिच्या गुणाचे कारण. पिंपळीत पिपेरिन हे तिखट द्रव्य असते. औषधे मोडून बाहेर टाकण्याचे यकृताचे काम ते मंद करते, त्यामुळे सोबतचे औषध रक्तात जास्त टिकते. याच गुणावर जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेने क्षयरोगावरचे एक संयुक्त औषध घडवले. त्यात पिपेरिन घातल्याने रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या औषधाची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅमवर आली. ते २००९मध्ये बाजारात आले.

नेमके इथेच घरोघरी चुकते. फेफरे, रक्तदाब किंवा दम्याच्या गोळ्या चालू असताना पिंपळी घेतली, तर त्या गोळ्यांचा परिणाम वाढून अपाय होऊ शकतो. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती सुरू करू नका. गरोदर स्त्रिया आणि आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी परस्पर घेऊ नये.

दुसरी चूक म्हणजे गुण आला म्हणून महिनोन्महिने घेत राहणे. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि मीठ या तिन्हींचा अतिवापर टाळायला सांगितले आहे.

तिसरी चूक सर्वांत घातक: खोकला लांबला तरी घरचाच उपाय चालू ठेवणे. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तर चूर्ण बाजूला ठेवा आणि क्षयरोग तर नाही ना, हे पाहण्यासाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. ती तिथे मोफत होते.