मतामागचं मन (भाग ७) : उतरंड आणि धास्ती

माणूस भेटण्याआधीच त्याच्या समाजाचं एक तयार चित्र आपल्या डोक्यात असतं, हा वॉल्टर लिपमन यांचा १९२२ सालचा मुद्दा मागच्या भागात पाहिला. आता त्यापुढचा प्रश्न. आपलं राजकीय मत आणि हे पूर्वग्रह यांचं नातं काय?

न्यूझीलंडमधले मानसशास्त्रज्ञ जॉन डकिट यांनी २००१ मध्ये याचं उत्तर देताना दोन वाटा वेगळ्या काढल्या. काहींना जग धोक्याचं वाटतं. त्यांना शिस्त हवी, कडक बंदोबस्त हवा, आणि ज्यांच्यापासून धोका आहे असं वाटतं त्या समाजांवर त्यांचा रोष असतो. काहींना जग चढाओढीचं वाटतं. कुणी वर, कुणी खाली हे त्यांना रास्तच वाटतं. खालचा वर सरकू लागला की ते बिथरतात. दोन्ही स्वभाव बरेचदा एकाच पक्षाच्या मांडवात सापडतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. वऱ्हाडचा इतिहास पाहिला तर ते किती वेगळे आहेत हे कळतं.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांच्या प्रवेशाचा. ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांची कुणाला धास्ती नव्हती. उलट गावाची राखण तेच करत, सरकारी निरोप तेच पोचवत. रात्री सगळं गाव ज्यांच्या भरवशावर झोपायचं, त्यांनी सकाळी देवीपुढे आपल्या रांगेत उभं राहू नये, एवढाच तो हट्ट होता. ही निखळ उतरंड. सत्याग्रह तेव्हा काही काळ पुढे ढकलला गेला. पण या मागणीच्या बाजूने उभे राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. उतरंडीचा पूर्वग्रह अधिकाराच्या जोरावर टिकतो, त्यामुळे अधिकार योग्य माणसाच्या हाती आला की तो हलवताही येतो. सगळ्यांची मनं बदलेपर्यंत थांबावं लागत नाही.

फासेपारधी या शिकारी भटक्या जमातीचं तसं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवायची सोय केली. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. पुढे फासेपारधीही त्या यादीत गेले. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, तरी ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे त्याच्या जागी येऊन बसले. त्यांचा तितर-लावे फाशात धरायचा धंदा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केला. त्याबदली पोटाला दुसरं काय, याचं उत्तर कुणी दिलं नाही. शिकार गेली, जमीन बहुतेकांना नव्हतीच, आणि ‘चोर’ हे नाव तेवढं राहिलं. आजही शेतातून मोटार गेली, घर फुटलं, की पहिला संशय पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जातो. समतेच्या मोर्चात घोषणा देणारा तरुणही बेड्याजवळून जाताना गाडीचा वेग वाढवतो. धास्ती पक्ष पाहत नाही.

ती कुठवर नेऊ शकते? नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये दरोडा, खून आणि बलात्काराचा भीषण गुन्हा घडला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ ला सर्वांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं! एवढ्या काळात कुणाला शंका येऊ नये, हे तयार चित्राशिवाय घडतं असं मला वाटत नाही.

धोका जवळ आला की मवाळ माणसंही कठोर होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. अशा दिवसांत वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्याबद्दलही ‘ते लोक’ असं बोललं जातं.

मग पुरोगामी मंडळी यातून सुटली का? नाही. मार्क ब्रँट, जॅरेट क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आपल्या विरुद्ध मताचा वाटणाऱ्या गटाबद्दल दोन्ही बाजूंचा आकस सारखाच असतो. ‘अमुक समाज म्हणजे तमक्यांची व्होट बँक’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास दोन्हीकडून ऐकू येतं. दलित, ओबीसी, बंजारा, मुस्लिम अशी नवी जुळणी करू पाहणारा ‘अकोला पॅटर्न’ ज्यांनी जवळून पाहिला, त्यांना तरी हे ठोकताळे किती कच्चे आहेत हे ठाऊक असायला हवं.

धास्तीवर उपाय कोणता? हुकमाने विहीर खुली होते, भीती जात नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या: बरोबरीचं नातं, समान उद्दिष्ट, एकत्र काम आणि वरच्यांचा पाठिंबा. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी पारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा उभी केली. समृद्धी महामार्गासाठी २०१९ मध्ये तिच्या बांधकामाचा काही भाग पाडला गेला, तरी ती चालू राहिली. तिथे मुलं शिकतात, हे मोलाचंच. पण गावातल्या इतर मुलांच्या डोक्यातलं चित्र त्याने पुसलं जात नाही, कारण ती मुलं तिथे नाहीत. पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली होती. बेड्यावरचं पोर तालुक्याच्या वसतिगृहात पाटलाच्या पोराच्या खोलीत राहील, अशी सोय जिल्हा परिषदेने आणि आपल्या शिक्षणसंस्थांनी करायला हवी, आणि ती मागणी पारध्यांनी नाही, आपण करायची आहे.