संवादी बहुमाध्यम : मूलतत्त्वे आणि एका तबकडीचा अनुभव

मजकूर, छायाचित्र, चलच्चित्र, ध्वनी आणि नकाशा ही माहितीची निरनिराळी साधने एकाच यंत्रावर एकत्र आली म्हणजे त्यांस बहुमाध्यम असे म्हणतात. तथापि, एवढ्याने ते ‘संवादी’ ठरत नाही. बोलपटातही चित्र असते, ध्वनी असतो, प्रसंगी मजकूरही असतो; परंतु दिग्दर्शकाने ठरविलेल्या क्रमानेच तो पाहावा लागतो. हा क्रम ठरविण्याचा अधिकार पाहणाऱ्याच्या हाती देणे हे संवादी बहुमाध्यमाचे मूलतत्त्व होय. पाहणाऱ्याने निवड करावी, यंत्राने तिला अनुसरून उत्तर द्यावे आणि त्या उत्तरातूनच पुढील निवडीची वाट मोकळी व्हावी, अशी ही देवघेव असते.

त्यासाठी माहितीच्या साठ्यातील कोणत्याही ठिकाणी थेट पोहोचता आले पाहिजे. फितीच्या मध्यावरील एखादे दृश्य पाहावयाचे तर आधीची सारी फीत गुंडाळावी लागते. लेसर तबकडीने ही अडचण दूर केली. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ५४,००० चित्रचौकटी मावत. प्रत्येक चौकटीला स्वतःचा क्रमांक असे आणि संगणकाने क्रमांक सांगताच ती चौकट काही क्षणांत पडद्यावर येई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९७८ च्या सुमारास या गुणाचा मोठा कल्पक उपयोग करण्यात आला. कोलोरॅडो राज्यातील ॲस्पेन या गावाचे रस्ते मोटारीवर बसविलेल्या कॅमेऱ्यांनी दर दहा फुटांवर टिपून तबकडीवर साठविण्यात आले. पडद्याला बोट लावून डावी-उजवी दिशा सांगितली की बसल्या जागी गावातून फेरफटका होई. एवढेच नव्हे, तर ऋतू बदलून तोच रस्ता पुन्हा पाहता येई.

ॲस्पेनचा उपक्रम संशोधकांच्या वर्तुळात राहिला. सर्वसामान्य नागरिकांनी स्वतः माहिती गोळा करून असे साधन घडविल्याचे ठळक उदाहरण ब्रिटनमधील १९८६ च्या डूम्सडे प्रकल्पाचे आहे. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८६ मध्ये आपल्या राज्यातील जमीन, नांगर, पाणचक्क्या आणि कुळे यांची पाहणी करविली होती. आपल्याकडील गाव नमुन्यांची आठवण व्हावी अशी ही नोंद ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे पूर्ण होत असता बीबीसीने फिलिप्स आणि एकॉर्न या कंपन्यांच्या साहाय्याने देशाची नवी पाहणी हाती घेतली.

पाहणीची योजना साधी होती. देशाचे चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे चौकोन पाडण्यात आले. एकेक चौकोन स्थानिक शाळांनी व मंडळांनी वाटून घेतला. प्रत्येक चौकोनासाठी तीन छायाचित्रे आणि कमाल वीस पडदाभर मजकूर अशी मर्यादा होती. दहा लाखांहून अधिक लोकांनी या कामास हातभार लावला, त्यांत शाळकरी मुलांचा भरणा मोठा होता. साहजिकच लेखनाची प्रत एकसारखी नव्हती. परंतु त्या काळी गावात लोक कसे राहत, हे मुलांच्या वाक्यांतून जसे कळते तसे ते आकडेवारीच्या तक्त्यांतून कळत नाही.

ही सामग्री एका तबकडीवर, तर राष्ट्रीय आकडेवारी, छायाचित्रे आणि चलच्चित्रे दुसरीवर अशी मांडणी होती. हाताने फिरविण्याचा एक चेंडू यंत्राला जोडलेला असे. पडद्यावरील देशाच्या नकाशात एक भाग निवडला की त्याचा मोठा नकाशा येई, त्यातून त्याहून लहान भागाचा, आणि अखेर आपल्या चौकोनाची छायाचित्रे व मजकूर. राष्ट्रीय तबकडीत एका चित्रदालनात शिरून भिंतीवरील चित्रांमार्फत विषय निवडण्याची सोय होती.

हे सारे कसे घडे, ते समजून घेण्याजोगे आहे. छायाचित्रे व नकाशे चौकटींच्या रूपाने तबकडीवर होते. मजकूर व आकडे त्याच तबकडीवर संगणकाच्या सांकेतिक भाषेत होते. आणि संगणकाची अक्षरे चित्रावर उमटविण्याचे काम स्वतंत्र यंत्रणा करी. कोणत्या चौकोनाशी कोणते चित्र, कोणता मजकूर जोडावयाचा हे दुवे आज्ञावलीत होते. संवादी बहुमाध्यमाचे खरे मोल या दुव्यांतच असते. चित्रे सुटी केली तर तो केवळ छायाचित्रांचा गठ्ठा उरतो.

आणि नेमके येथेच पाणी मुरले. सुमारे ५ हजार पौंडांचा हा संच अनेक शाळांना परवडला नाही. त्यामुळे माहिती देणाऱ्या अनेक मुलांना आपले लेखन पडद्यावर पाहावयास मिळाले नाही. पुढे त्या जातीचे तबकडीयंत्र आणि संगणक बनणेही थांबले. तबकड्या शाबूत, पण वाचणारे यंत्र दुर्मिळ, अशी अवस्था पंधरा वर्षांत ओढवली. १०८६ चे चर्मपत्र मात्र लॅटिन जाणणाऱ्यास आजही वाचता येते. गावाची माहिती संगणकावर संकलित करणाऱ्या शिक्षकाने अथवा ग्रामपंचायतीने म्हणूनच कोणते चित्र कशाशी जोडले आहे याची साधी यादी कागदावरही ठेवावी, आणि एकाच कंपनीच्या यंत्रावर वाचता येईल अशा स्वरूपात मूळ मजकूर अडकवून ठेवू नये.

डूम्सडेच्या सुटकेसाठी लीड्स व मिशिगन या विद्यापीठांतील संशोधकांनी वेगळाच मार्ग अवलंबिला. नव्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग वठविण्यास लावणारी आज्ञावली त्यांनी तयार केली आणि २००२ मध्ये मूळचे दुवे पुन्हा चालते करून दाखविले. २०११ मध्ये बीबीसीने लोकांनी गोळा केलेली सामग्री इंटरनेटवर खुली केली. त्याच ठिकाणांची नवी छायाचित्रे जोडण्याची सोयही वाचकांना दिली. ती सेवा २०१८ मध्ये बंद झाली असून तिची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आपल्या संग्रहात ठेवली आहे. राष्ट्रीय तबकडीतील चित्रदालनाचा या सेवेत समावेश नव्हता.