ओसरीतली कुंभारीण

केशोरी गावात कवेलूच्या घरात ओसरीच्या कोपऱ्यात, मयालीला चिकटलेलं मातीचं ढेकूळ दिसतं. ते कुंभारीण माशीचं घर. हा मुलूख धानाचा आणि मिरचीचा. बांधीत चिखल, झुडपांत कोळी, तिला लागतं ते सारं जवळच.

काळं अंग, पिवळे पाय, दोऱ्याएवढी कंबर. ओल्या मातीवर डोकं खाली घालून ती जबड्यात ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी वळते. भिंतीवर ती पसरताना गुं-गुं आवाज येतो. अंग थरथरवून ती माती बसवत असते. अशा कितीतरी खेपांनी एक नळीसारखी खोली होते. मग शिकार. कोळ्याला डंख बसला की पाय लुळे पडतात, जीव मात्र जात नाही. मेलेला कोळी दोन दिवसांत सडला असता. हा ताजा राहतो. खोलीत असे बरेच कोळी भरून, एकावर अंडं घालून ती तोंड लिंपून टाकते.

सारवताना पडलेलं असं एक ढेकूळ मी फोडून पाहिलं होतं. पाय आखडलेले चिमुकले कोळी, आणि एकाच्या पोटाला चिकटलेली पिवळसर अळी. काडी लावली तर एका कोळ्याचा पाय किंचित हलला.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक हीच. कोंडलेला किडा भीतीने तिचाच ध्यास घेतो आणि तिच्यासारखा होतो, ही कल्पना एकनाथांनी 1573मध्ये पूर्ण केलेल्या भागवतातून मराठी घरांत पोचली. किडा आत गेला, कुंभारीण बाहेर आली, एवढं जुन्या लोकांनी अचूक पाहिलं होतं. मधलं सारं बंद मातीत घडतं: अळी कोळी खाते, कोश विणते आणि पंख फुटले की माती कुरतडून निघते.

धुऱ्यावर पंख झटकत धावणारी माशीही कोळीच धरते, पण ती वेगळ्या कुळातली, पॉम्पिलिडी. जगात तिच्या सुमारे 5000 जाती. तिचा हिशेब एका अंड्याला एकच कोळी; म्हणून स्वतःहून जड कोळीही ती उलट्या पावली ओढत बिळाकडे नेते. कोळी मोठा असला की बहुधा मादीचं अंडं, लहान असला की नराचं. अंडं फळवलं तर मादी होते, न फळवता घातलं तर नर; ते तिच्या हातात असतं.

कुंभारीण गांधीलमाश्यांसारखी घरावर पहारा देत नाही. चिमटीत धरल्याशिवाय सहसा डसतही नाही. ढेकळाला गोल भोक दिसलं, तर त्या खोलीतलं पिल्लू उडून गेलेलं असतं. कधी निळसर चकाकणारी दुसरी एक जात तिथे बिऱ्हाड करते. ती नुसतं पाणी आणून जुनीच माती भिजवते. भोक नसेल, तर सारवताना तेवढी जागा सोडावी.