तिघांत सरस कोण?

हंगाम संपला की खेळाडूंचे मूल्यमापन होते, वर्ष संपले की विद्यार्थ्यांचे. दोन्ही ठिकाणी अडचण सारखीच. मोजलेल्या गोष्टी अनेक असतात आणि निष्कर्ष मात्र एकच हवा असतो. या अडचणीचा विचार करण्यासाठी आम्ही अमेरिकेतील कॉलेज-फुटबॉलचे एक उदाहरण घेतले आहे.

आधी खेळाविषयी थोडेसे. या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळा हातातच असतो. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू तो फेकतो आणि पुढे धावत जाऊन तो झेलणे हे ‘वाइड रिसीव्हर’चे मुख्य काम. झेलामुळे संघ किती यार्ड पुढे सरकला हे मोजतात (१ यार्ड म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर). चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचला की ‘टचडाउन’ होतो व ६ गुण मिळतात.

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संघाने २०१९ च्या हंगामातले सर्व १५ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. क्वार्टरबॅक होता जो बरो. त्याच्या तीन प्रमुख रिसीव्हरांची कामगिरी अशी :

जस्टिन जेफरसन : १५ सामने, १११ झेल, १५४० यार्ड, १८ टचडाउन
जमार चेस : १४ सामने, ८४ झेल, १७८० यार्ड, २० टचडाउन
टेरेस मार्शल : १२ सामने, ४६ झेल, ६७१ यार्ड, १३ टचडाउन

आता सांगा, सरस कोण? झेल मोजले तर जेफरसन. यार्ड मोजले तर चेस. दर झेलामागे त्याचे २१.२ यार्ड पडतात, जेफरसनचे १३.९ आणि मार्शलचे १४.६. पण शंभर झेलांमागे टचडाउन किती, हे काढून पाहा. मार्शल २८, चेस २४, जेफरसन १६. मार्शल एकदम पहिला! आकडे तेच आहेत, फक्त छेद बदलला. म्हणजे ‘सरस कोण’ या प्रश्नाआधी ‘कशात सरस’ हा प्रश्न विचारायला हवा.

सरासरीही जपून वापरावी लागते. समजा, एकाने नऊ झेलांत प्रत्येकी ५ यार्ड मिळवले आणि दहाव्यात ७०. त्याची सरासरी ११.५ यार्ड येते, पण ११ यार्डांच्या आसपासचा त्याचा एकही झेल नाही! अशा वेळी मध्यक काढावा. तो ५ येतो आणि नेहमीचा खेळ कसा आहे ते सांगतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. रिसीव्हरचा आकडा त्याच्या एकट्याचा नसतो. चेंडू फेकणारा कसा आहे, शेजारचे रिसीव्हर कोण आहेत, प्रतिस्पर्धी कोणावर जास्त पहारा ठेवतात, हे सारे त्यात मिसळलेले असते. ते वेगळे कसे काढायचे? प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलून पाहतो. मैदानावर तसे करता येत नाही, पण कधी कधी परिस्थितीच बदलते.

२०२० मध्ये बरो आणि जेफरसन व्यावसायिक संघांत गेले आणि चेस त्या हंगामात खेळला नाही. मार्शल राहिला. त्याने ७ सामन्यांत ४८ झेल आणि ७३१ यार्ड मिळवले. दर सामन्यामागे त्याचे यार्ड ५६ वरून १०४ वर गेले, दर झेलामागे मात्र १४.६ वरून फक्त १५.२ झाले. म्हणजे त्याच्या वाट्याला येणारे चेंडू वाढले, झेलाची जात फारशी बदलली नाही. दोन बलवान साथीदारांच्या सावलीत तो आदल्या वर्षी लहान दिसत होता.

जेफरसनची कथा उलट बाजूने तेच सांगते. २०२० च्या निवडीत चार रिसीव्हर त्याच्या आधी घेतले गेले. तो एकूण २२ वा. मिनेसोटाच्या संघात चेंडू फेकणारा वेगळा, साथीदार वेगळे. तरीही पहिल्याच हंगामात त्याने १४०० यार्ड मिळवले. त्याचे कौशल्य बरोवर अवलंबून नव्हते, हे परिस्थिती बदलल्यावर कळले.

वर्गात हे करून पाहता येईल. शाळेच्या कबड्डी संघातील चढाई करणाऱ्यांचे एकूण गुण, दर सामन्यामागचे गुण आणि दर चढाईमागचे गुण मुलांना काढायला सांगा. तिन्ही यादींत क्रम बदलला तर तो का बदलला, यावर चर्चा घ्या. मग हाच प्रश्न आपल्या गुणपत्रिकेलाही विचारा : हा आकडा मुलाचा किती आणि त्याला मिळालेल्या संधीचा किती?