नारायणगावातली दुसरी सुपारी

पारनेरहून टाकळी ढोकेश्वरमार्गे आळेफाटा गाठला की पुढे नारायणगाव. आमच्या जत्रांचं आणि या गावाचं नातं सुपारीचं. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जाऊन फड ठरवतात, बयाणा देतात. त्या व्यवहाराला आम्ही लहानपणापासून सुपारी म्हणत आलो. जून २०२२ मध्ये त्याच नारायणगावाचं नाव दुसऱ्या सुपारीच्या बातमीत आलं. पंजाबातल्या एका रॅपरच्या खुनाच्या.

२९ मे २०२२ च्या संध्याकाळी मानसा जिल्ह्यातल्या जवाहरके गावात सिद्धू मूसेवालाची थार अडवून त्याला गोळ्या घातल्या. वय २८. मूळ नाव शुभदीपसिंग, गाव मूसा. शिकायला कॅनडात गेला, तिथून त्याचं नाव झालं. त्याच्या गाण्यांत बंदुका होत्या हे खरं. त्याबद्दल त्याच्यावर गुन्हेही दाखल झाले. पण त्याला मारलं ते गाण्यातल्या बंदुकीने नव्हे. आदल्याच दिवशी पंजाब सरकारने ४२४ जणांची सुरक्षा कमी केली, त्यात तो होता, आणि ही गोष्ट लगेच जगजाहीर झाली होती. परदेशात बसलेल्या गुंड गोल्डी ब्रारने खुनाची जबाबदारी घेतली.

दोन आठवड्यांच्या आत तपास आमच्या शेजारी पोचला. संशयितांमध्ये पुणे जिल्ह्यातले दोघे होते, दोघेही विशीच्या आसपासचे. मंचरच्या २०२१ मधल्या एका खुनात पाहिजे असलेला एकजण गुजरातेत सापडला; दुसऱ्याला, या पहिल्याला आसरा दिल्याच्या आरोपावरून, नारायणगाव भागातून धरलं. पुढे पोलिसांनी गोळ्या झाडणारे म्हणून सहा जणांची नावं जाहीर केली. ते सगळे पंजाब-हरियाणाचे. आपल्याकडचं त्यांत कोणी नव्हतं. ही दुसरी बातमी मात्र पहिलीएवढी गाजली नाही. संशयित म्हणून नाव छापून येणं आणि गुन्हा सिद्ध होणं यातलं अंतर गावाने लक्षात ठेवायला हवं, म्हणून ती इथे मुद्दाम सांगतो. तरी प्रश्न उरतोच. पंजाबातल्या टोळीने केलेल्या खुनात नारायणगावसारख्या टोमॅटोच्या बाजारपेठेतल्या पोरांची नावं येण्याची वेळ का यावी?

रॅपरचा असा खून नवा नव्हता. मूसेवालाने मरणाच्या दोन आठवडे आधी काढलेल्या ‘द लास्ट राइड’ या गाण्याच्या मुखपृष्ठावर अमेरिकन रॅपर टुपाक शकूरच्या हत्येच्या जागेचं चित्र होतं. टुपाकवर लास वेगासमध्ये ७ सप्टेंबर १९९६ ला गोळीबार झाला, सहा दिवसांनी तो गेला. ९ मार्च १९९७ ला लॉस एंजेलिसमध्ये दुसरा रॅपर नोटोरियस बीआयजी मारला गेला. निक ब्रूमफील्डने २००२ मध्ये दोघांवर माहितीपट केला, तेव्हा दोन्ही खून उलगडलेले नव्हते. टुपाकच्या खुनात अटक झाली ती २०२३ मध्ये.

आम्हाला हे परकं वाटायचं कारण नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला मुंबईत अंधेरीच्या जितेश्वर महादेव मंदिराबाहेर टी-सीरिज कंपनीच्या गुलशन कुमारांना मारलं, तेव्हा पारनेर तालुक्यातल्या घराघरातलं कोणी ना कोणी मुंबईत कामाला होतं. टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेट त्यांच्याच पिशव्यांतून गावी येत. त्या खटल्यात २००२ मध्ये १९ पैकी १८ आरोपी सुटले. जन्मठेप झाली एकट्या अब्दुल रौफ मर्चंटला. तो २००९ मध्ये फर्लोवर बाहेर पडून बांगलादेशात पळाला आणि २०१६ मध्ये परत आणला गेला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १ जुलै २०२१ ला. सुटलेल्यांपैकी आणखी एकाला तेव्हा जन्मठेप झाली. खून ते निकाल, जवळजवळ २४ वर्षं.

तेव्हापासून धमकीची पद्धत तीच राहिली, फोन बदलला. पंजाबी गायकांवरचे हल्ले पाहा: २०१८ मध्ये मोहालीत परमिश वर्मावर गोळीबार, २०२३ मध्ये कॅनडात गिप्पी ग्रेवालच्या घरावर, २०२४ मध्ये एपी ढिल्लाँच्या घराबाहेर. गाणं चाललं की पैसा येतो, पैसा आला की धमकीचा फोन येतो. म्हणून ‘रॅपमुळे हिंसा वाढते’ हे वाक्य मला पटत नाही. हिंसा वाढते ती खंडणी पचते म्हणून आणि टोळीवाल्याची कीर्ती पोराच्या हातातल्या मोबाइलवर फुकट पोचते म्हणून.

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा ‘द किलिंग कॉल’ हा मूसेवालाच्या खुनावरचा दोन भागांचा माहितीपट ११ जून २०२५ ला आला. त्यात गोल्डी ब्रार स्वतः बोलतो, आपण हे का केलं ते सांगतो. पत्रकारितेच्या दृष्टीने ते मोठं काम आहे, आणि खून कसा शिजला हे कळायलाही हवं. पण फरार माणसाला इतका वेळ बोलू दिलं की आमच्याकडच्या अठरा वर्षांच्या पोराला त्यातला रुबाब आधी दिसतो.

११ जून हा मूसेवालाचा जन्मदिवस. हा माहितीपट त्या दिवशी मुंबईत जुहूला दाखवायचं ठरलं होतं. वडील बलकौरसिंग यांनी महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालकांकडे आणि जुहू पोलिसांकडे तक्रार केली, मानसाच्या न्यायालयातही गेले. आमची संमती घेतली नाही, खटला अजून चालू आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी त्याच ११ जूनला माहितीपट यूट्यूबवर टाकला गेला. माहितीपट व्हायलाच हवा होता. पण मुलाच्या जन्मदिवशी, बाप नको म्हणत असताना, तो दाखवणं चूक होतं.