पिशवी काढली, पाळी गेली, पुढे काय?

वस्तीत महिलांच्या आरोग्यावर बोलायला बसलो की तीस-पस्तिशीतल्या बाया सहज सांगून जातात, "माझी पिशवी काढलीय, कटकट मिटली." थोड्या वेळाने त्यांच्यातल्याच काही जणी सांगतात की रात्री झोप लागत नाही, अंगातून गरम वाफा निघतात, कंबर-गुडघे धरतात, उगाच रडू येतं, नवऱ्याजवळ जायला नको वाटतं. या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो, हे त्यांना ऑपरेशनच्या वेळी कोणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे बाईची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी कायमची थांबते. ४५ च्या आत थांबली तर ती लवकर आलेली रजोनिवृत्ती आणि ४० च्या आत थांबली तर अकाली. थायरॉइडसारखे आजार, जनुकीय दोष, कॅन्सरवरची केमोथेरपी अशी कारणं त्यामागे असतात. अनेकदा कारण सापडतही नाही. धूम्रपानानेही पाळी लवकर जाते. पण आपल्या वस्त्यांत ज्या कारणाबद्दल सर्वात जास्त बोलायला हवं, ते आहे ऑपरेशन.

बीड जिल्ह्याचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. फरक शरीराचा नाही, कामाचा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल, एक दिवस पडलं तर खाडा. फडात ना पाणी, ना संडास. अंगावरून पांढरं जातं म्हणून डॉक्टरकडे जावं, तर "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" ही भीती. बहुतेक वेळा हे दुखणं औषधाने बरं होण्यासारखं असतं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेब बाळंतपणाच्या रजेच्या बाजूने बोलले होते. ऊसतोडीतल्या बाईला आजही पाळीत एक दिवस बसता येत नाही, म्हणून ती पाळीच काढून टाकते.

आता ऑपरेशननंतरचं. इथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो. फक्त गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण दोन्ही बीजकोष शरीरातच असतात आणि संप्रेरकं तयार होत राहतात. तरीही अशा बायांमध्ये बीजकोषांचं काम नेहमीपेक्षा काही वर्षं आधी थांबण्याची शक्यता वाढते. पाळी आधीच गेलेली असल्याने ते लक्षातही येत नाही. दोन्ही बीजकोषही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, एकदम आणि जोरात. इस्ट्रोजेन अचानक बंद झाल्याने वाफा, झोप, चिडचिड हे लगेच जाणवतं. हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा धोका वाढणं हे गुपचूप होतं. ३२ व्या वर्षी ऑपरेशन झालेल्या बाईचं शरीर जवळपास पंधरा वर्षं इस्ट्रोजेनशिवाय काढतं, आणि तेही मोळ्या डोक्यावर वाहत.

म्हणून पहिलं काम म्हणजे डिस्चार्ज कार्ड शोधणं. त्यावर बीजकोष काढले की ठेवले हे लिहिलेलं असतं. कागद हरवला असेल तर सोनोग्राफी आणि रक्तातल्या एफएसएचच्या तपासणीवरून डॉक्टर अंदाज घेऊ शकतात. ४५ च्या आत रजोनिवृत्ती आली असेल तर निसर्गतः पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोनची गोळी किंवा पट्टी घेणं हा मान्य उपचार आहे. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईला तो सहसा देत नाहीत. रक्ताच्या गाठी किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. गर्भाशय काढलेलं असेल तर बहुधा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉनही लागतं. दुकानातून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत. सोबत नाचणी, तीळ, दूध, कोवळं ऊन, चालणं. तंबाखू-मिश्री सोडणं सर्वात अवघड, पण सोडावीच.

ज्यांची पाळी ऑपरेशनशिवाय लवकर थांबली, त्यांना "आता मूल होणारच नाही" असं सांगून मोकळं होऊ नये. थोड्या जणींना नंतरही दिवस जातात. मूल नको असेल तर साधन वापरावं लागतं, कारण हार्मोनची गोळी गर्भनिरोधक नाही.

नवऱ्याशीही बोलावं लागतं. योनीत कोरडेपणा येतो आणि संबंधाच्या वेळी दुखतं. त्यावर क्रीम मिळते. हे माहीत नसल्याने घरात संशय आणि मारझोड होते. हा विषय महिला मंडळापुरता ठेवून चालणार नाही, तरुण पोरांच्या बैठकीतही तो घ्यायला हवा.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्यांच्यासाठी एप्रिल २०२३ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा तो आदेश आहे. खाजगी डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं की सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्या आणि "बीजकोष ठेवणार ना?" हे विचारा.

वर्षावासात विहारात बाया रोज जमतात आणि तो संपता संपता टोळ्या कारखान्याकडे निघतात. पिशवी काढलेल्या बायांची कार्डं त्या आधीच गोळा करून त्यांना ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात नेता येईल. टोळी निघाली की पुढचे पाच-सहा महिने त्या सापडत नाहीत.