हबशी, सिद्दी आणि कुशिटिक लोक : नाव व उगम

दापोली तालुक्यातील केळशीच्या किनाऱ्याने उत्तरेकडे गेल्यास बाणकोटची खाडी लागते. ती ओलांडली की रायगड जिल्हा, आणि पुढे मुरुडसमोर समुद्रात जंजिरा. तेथील सिद्दींचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. या सत्ताधाऱ्यांना कोकणात ‘हबशी’ही म्हणत. ही दोन नावे आपण सहज एकमेकांऐवजी वापरतो; पण त्यांतून एकच वंश सूचित होतो काय?

‘हबशी’ हा शब्द ‘हबश’ म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया व आसपासचा प्रदेश, यावरून आला. ‘सिद्दी’ हे मात्र अरबीतील ‘सय्यिदी’ (माझे स्वामी) या आदरार्थी संबोधनाचे रूप मानले जाते. पहिले नाव प्रदेशाचे, दुसरे मानाचे. जमातीचे एकही नाही.

त्या प्रदेशातही लोक अनेक. ओरोमो, सोमाली, अफार, अगाव या भाषा कुशिटिक शाखेच्या. अम्हारिक व तिग्रिन्या सेमिटिक शाखेच्या. दोन्ही शाखा आफ्रो-आशियाई कुळातील असल्या, तरी शतकांच्या शेजाराने त्यांच्यात आणखी जवळीक आली. अम्हारिकमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, अगदी मराठीप्रमाणे. भाषाशास्त्रज्ञ हा कुशिटिक भाषांचा प्रभाव मानतात. तेव्हा केवळ भाषेवरून रक्ताचे नाते ठरवू नये.

निजामशाहीचा प्रसिद्ध वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) इथिओपियात जन्मला. त्याचे बालपणीचे नाव चापू. तो गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला. येथे त्याला विकत घेणारा चंगीझखान स्वतःही हबशीच होता. बाजारात ज्याचे नाव बदलले, धर्म बदलला, त्याची जमात नोंदींत ‘हबशी’ एवढ्या एका शब्दात मावली. इतिहासलेखनाने हा शब्द फारच निमूटपणे स्वीकारला, असे वाटते.

पुढील काळात अधिक दक्षिणेकडील आफ्रिकेतूनही माणसे आणली गेली. कर्नाटक व गुजरातमधील सिद्दींच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्या वारशाचा आफ्रिकी भाग मुख्यत्वे बांटूभाषक समूहांशी जुळला, कुशिटिकांशी नव्हे. गुजरातच्या सिद्दींच्या ‘गोमा’ नृत्याचे नावही बांटू भाषांतील ‘ङोमा’, म्हणजे ढोल, या शब्दाशी जोडले जाते. उत्तर कन्नडमधील सिद्दी मात्र आज घरात कोकणीचे एक रूप बोलतात.